विश्लेषण : तंबू, तांदूळ आणि बैल… गाविलगडच्या जंगलात वेलस्लीची मोहीम कशी तगली?

डिसेंबरची थंडी पडली की अमरावती, अकोल्यातील मित्रमंडळींचे चिखलदरा, गाविलगड, नरनाळ्याचे बेत सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर गट तयार होतो. तंबू कोणाकडे आहे, गाडी कोण काढणार, याची चर्चा रंगते. पाणी किती लागेल, वाट कोणाला ठाऊक आहे आणि हे सगळे सामान चढावर कोण उचलणार, हे प्रश्न मात्र बहुतेकदा निघण्याच्या आदल्या रात्री आठवतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच डोंगरात, याच महिन्यात हजारो माणसे आणि जनावरे मुक्कामाला होती. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर ओळखला गेला. वऱ्हाडासाठी तो शत्रू होता. तरीही रानात मोठा गट कसा न्यावा, सोबत काय घ्यावे आणि काय घरी ठेवावे, याचा त्याने आयुष्यभर केलेला विचार आजही समजून घेण्यासारखा आहे.

आर्थर वेलस्ली कोण होता?

वेलस्लीचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील डब्लिन येथे एका उमराव घराण्यात झाला. वडिलांना संगीताची आवड होती आणि आर्थरही व्हायोलिन वाजवत असे. शाळेत त्याने फारशी चमक दाखवली नाही. मोठा भाऊ रिचर्ड हुशार, तर आर्थरचे काय होणार, ही घरच्यांची काळजी. शेवटी त्याला सैन्यात धाडायचे ठरले. १७८७ मध्ये तो अधिकारी झाला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात हुद्दे पैसे देऊन विकत घेता येत. त्या मार्गाने १७९३ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल बनला. त्याच सुमारास त्याने आपली व्हायोलिन जाळून टाकली आणि लक्ष पूर्णपणे लष्करी कामाकडे वळवले.

सैन्यात शिरल्यावर सुरुवातीलाच त्याने केलेली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका साध्या शिपायाला त्याने आधी नुसते आणि मग बंदूक, काडतुसे, पिशवी अशा सगळ्या सामानासह तराजूवर उभे केले. माणसाच्या अंगावर नेमके किती ओझे पडते, हे त्याला आकड्यात हवे होते. त्याच्या पुढच्या कारकिर्दीचा कल या एका कृतीत दिसतो. सामानाचा विचार त्याने कायम ते उचलणाऱ्याच्या बाजूने केला.

पहिला धडा कोणता मिळाला?

पहिली मोहीम पुरती फसली. १७९४ मध्ये फ्रेंचांशी लढण्यासाठी त्याची पलटण फ्लँडर्स आणि हॉलंडमध्ये गेली. त्या वर्षीचा हिवाळा कडाक्याचा होता. नद्या गोठल्या. सैन्याकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, अन्नाचा पुरवठा कोलमडला होता, आजाऱ्यांची सोय नव्हती. वरिष्ठ अधिकारी पुढच्या चौक्यांकडे फिरकतही नसत. शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, भूक आणि तापाने जास्त माणसे गेली. १७९५ मध्ये उरलेले सैन्य कसेबसे परतले.

एखादी गोष्ट कशी करू नये, हे आपण तिथे शिकलो, असे वेलस्लीने नंतर अनेकदा सांगितले. गटातील लोक धाडसी असतील, पण पांघरूण आणि जेवण यांचा हिशेब चुकला असेल, तर ते धाडस दोन रात्रींत संपते, हे त्याला विशीतच कळले.

भारतात तो काय शिकला?

फेब्रुवारी १७९७ मध्ये वेलस्ली कोलकात्याला उतरला. प्रवासात वाचण्यासाठी त्याने भारतावरील पुस्तकांची पेटीच सोबत घेतली होती. पुढच्या वर्षी भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि आर्थरकडे मोठी कामे येऊ लागली.

एप्रिल १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणला वेढा पडला. त्या वेळी सुलतानपेठच्या आमराईवर रात्री हल्ला करण्याची जबाबदारी वेलस्लीवर आली. जागा आधी पाहिलेली नव्हती. अंधारात तुकडी वाट चुकली, गोंधळ झाला, काही माणसे पकडली गेली आणि हल्ला फसला. दुसऱ्या दिवशी उजेडात तीच जागा सहज ताब्यात आली. न पाहिलेल्या ठिकाणी रात्री शिरायचे नाही, हा नियम त्याने त्यानंतर स्वतःला घालून घेतला.

श्रीरंगपट्टण पडल्यावर तो तिथला प्रमुख झाला. १८०० मध्ये धोंडिया वाघाच्या पाठलागात त्याचे सैन्य कित्येक आठवडे कर्नाटकाच्या रानावनातून फिरत होते. त्या मोहिमेत दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, या देशात सैन्याचा वेग घोड्यांवर नव्हे, बैलांवर ठरतो. दोन, धान्य वाहून आणणारे वंजारी व्यापारी नाराज झाले की सैन्य उपाशी राहते. तांदूळ आणि बैल असतील तर माणसे टिकतात आणि माणसे टिकली तर पुढचे बघता येते, अशी त्याची साधी मांडणी होती.

म्हैसूरमध्ये त्याला चांगले बैलही मिळाले. हैदर आणि टिपूने जोपासलेली अमृतमहाल जातीची जनावरे चपळ आणि चिवट होती. तोफगाड्या ओढायला त्यांच्यासारखे दुसरे जनावर नाही, असे त्याचे मत झाले. पुढे स्पेनच्या लढायांत अशक्त जनावरांशी गाठ पडली, तेव्हा त्याला या बैलांची आठवण येत असे.

सामानाची यादी कशी तयार व्हायची?

१८०३ मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटण्याआधीच वेलस्लीची पत्रे सामानाच्या तपशिलांनी भरलेली दिसतात. गोऱ्या शिपायांच्या वाट्याची दारू मोठ्या पिंपांत न भरता सहा गॅलनच्या छोट्या पिंपांत भरावी, पिंपांना लोखंडी पट्ट्या ठोकाव्यात, बिस्किटे गोल टोपल्यांत भरून वरून मेणकापड घालावे, अशा सूचना त्याने दिल्या. कारण उघड होते. मोठे पिंप गाडीवर चढते, पण गाडी घाटात चढत नाही. छोटे पिंप बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना बांधता येते. एक फुटले तर नुकसानही थोडे. मेणकापड पावसासाठी, लोखंडी पट्टी दगडधोंड्यांवर आपटण्यासाठी.

ही यादी करण्याची पद्धत आजच्या गटांसाठीही उपयोगाची आहे. आधी दुकानात जाऊन सामान बघणे आणि मग ते नेण्याचा विचार करणे, हा उलटा क्रम झाला. वाट कशी आहे, ओझे कोणाच्या पाठीवर असेल, वाटेत ते भिजेल की आपटेल, हे आधी ठरले की कोणती वस्तू घ्यायची, हे आपोआप ठरते.

मुक्कामाची शिस्तही ठरलेली होती. पहाटे अंधारातच तंबू उतरत आणि सैन्य चालू लागे. ऊन चढण्याच्या सुमारास पुढचा मुक्काम पडे. दुपारचा वेळ स्वयंपाक, जनावरांचा चारा-पाणी आणि दुरुस्तीसाठी मोकळा राही. सपाट प्रदेशात दिवसाला साधारण १६ ते २० किमी एवढीच मजल असे. गरज पडली तर मात्र तो धावू शकत असे. एप्रिल १८०३ मध्ये घोडदळ घेऊन त्याने सुमारे १०० किमी अंतर ३२ तासांत कापले आणि तो पुण्यात पोहोचला. रोजची चाल बेताची ठेवल्यामुळेच अशी ताकद शिल्लक राहिली होती.

नद्या आणि वाटा कशा पार केल्या?

ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा पावसाळा होता. वेलस्लीने हे मुद्दाम निवडले होते. भर पावसात नद्या दुथडी भरलेल्या असतात. मराठा घोडदळाला त्या सहज ओलांडता येत नाहीत आणि आपल्याकडे होड्या असतील तर आपल्याला येतात, असा त्याचा हिशेब होता. त्यासाठी वेताच्या, कातडे मढवलेल्या गोल टोपलीसारख्या होड्या तयार करवून घेतल्या गेल्या. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन, गोदावरी ओलांडून सैन्य पुढे सरकले. पावसाने आणि चाऱ्याच्या टंचाईने बैल मात्र मोठ्या संख्येने मेले.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असईजवळ त्याची शिंदे आणि भोसले यांच्या संयुक्त फौजेशी गाठ पडली. मध्ये केळणा नदी होती. वाटाड्यांनी जवळपास उतार नसल्याचे सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे वसलेली दिसली. इतक्या जवळच्या गावांतील लोक नदी ओलांडत असणारच, असे त्याने ताडले आणि खरोखरच तिथे उतार निघाला. लढाई त्याने जिंकली, पण त्याच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक मारले गेले किंवा जखमी झाले. जखमींना अजिंठ्याच्या तटबंदीत ठेवून पुढे जावे लागले.

नकाशा आणि वाटाड्या दोन्ही असले, तरी डोळे उघडे ठेवून जमिनीकडे पाहण्याला पर्याय नसतो. वस्ती, पायवाट, गुरांच्या खुरांचे ठसे, झाडीची हिरवी रेघ या खुणा पाण्याकडे आणि माणसांकडे नेतात.

वऱ्हाडात तो कसा आला?

नागपूरचे रघूजी भोसले वऱ्हाडाच्या दिशेने मागे सरले आणि वेलस्लीही त्यांच्या मागे आला. कर्नल जेम्स स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी खानदेशातून बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेऊन खाली उतरली. अकोला जिल्ह्यात दोन्ही तुकड्या जवळ आल्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी सैन्य दिवसभर उन्हात लांबची मजल मारून थकले होते. त्या दिवशी लढाई करण्याचा वेलस्लीचा विचार नव्हता. पण तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या मैदानात रघूजींचे बंधू व्यंकोजी यांची फौज लढाईसाठी उभी असलेली दिसली.

शेतात उंच ज्वारी उभी होती. त्या पिकाच्या आडून सैन्य बाहेर पडताच तोफांचा मारा सुरू झाला. असईला धीराने लढलेल्या तीन पलटणी इथे मात्र बिथरल्या आणि मागे पळू लागल्या. वेलस्ली जवळच होता. तो स्वतः पुढे गेला, पळणाऱ्यांना आडोशाला नेऊन शांत केले, रांगा पुन्हा लावल्या आणि त्यांना त्यांच्या जागी परत नेले. संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला. चांदण्यात पाठलाग चालू राहिला.

थकलेला गट अचानक घाबरतो, अगदी अनुभवी असला तरी. अशा वेळी ओरडण्यापेक्षा आडोसा, थोडी उसंत आणि सोबत उभा राहणारा म्होरक्या कामाला येतो. अडगावचा हा प्रसंग लष्करी इतिहासात त्यामुळेच सांगितला जातो.

गाविलगडासाठी लांबची वाट का निवडली?

५ डिसेंबरला सैन्य अचलपूरला पोहोचले. पुढे सातपुड्याच्या कड्यावर गाविलगड होता. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने बांधलेला हा किल्ला चिखलदऱ्याच्या पठाराला लागून आहे. वेलस्लीने लगेच चढाई केली नाही. एक दिवस थांबून अडगावच्या जखमींसाठी अचलपुरात इस्पितळ उभे केले. ज्यांना पुढची चाल झेपणार नाही, त्यांची सोय आधी, मग गड.

याच मुक्कामात गडाच्या वाटांची चौकशी झाली. दक्षिणेची वाट जवळची, पण खडी आणि फक्त माणसांना चढता येईल अशी. पश्चिमेकडून येणारी वाट नेहमीच्या वहिवाटीची, पण अरुंद आणि दूरपर्यंत तोफांच्या टप्प्यात. उत्तरेकडे लबाडा गावाच्या बाजूने मात्र जमीन गडाच्या पातळीला येते. अडचण एकच होती. अचलपूरहून लबाड्याला जायचे तर डोंगरातून सुमारे ३० मैल, म्हणजे जवळपास ४८ किमी फिरून जावे लागणार होते आणि तोफा जातील असा रस्ताच नव्हता.

वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांनी हीच वाट निवडली. वेढ्याचे साहित्य असीरगडापासून स्टीव्हन्सनच्या तुकडीकडे होते, म्हणून अवघड काम त्याच्याकडे गेले. वेलस्ली स्वतः दक्षिणेच्या पायथ्याला देवगावकडे राहिला, जेणेकरून घोडदळाच्या मदतीने मागची बाजू आणि रसद सांभाळता यावी.

तोफा डोंगरावर कशा चढल्या?

७ डिसेंबरला स्टीव्हन्सनची तुकडी धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे आठ किलोहून अधिक वजनाचा गोळा फेकणारी तोफ. अशा एका तोफेचे वजन दोन टनांच्या घरात जाते. आधी पुढच्या तुकडीने झाडे तोडायची, दगड फोडायचे, नाल्यांवर भर टाकायची. मग मागच्यांनी दोर लावून तोफ वर ओढायची. उतार आला की हेच दोर मागून खेचून धरायचे. बहुतेक अंतर तोफा आणि दारूगोळा माणसांनी हाताने ओढून नेला.

१२ डिसेंबरला तुकडी लबाड्याला पोहोचली. सहा दिवसांत ४८ किमी, म्हणजे दिवसाला आठ किमी. सपाटीवरच्या मजलेच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. मेळघाटात आजही पायी फिरणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. मोबाइलच्या नकाशावर दिसणारे अंतर आणि दऱ्याखोऱ्यांत लागणारा वेळ यांचे गणित वेगळे असते. उजेड असेपर्यंत मुक्कामाची जागा गाठायची असेल, तर मैदानातल्या वेगाने बेत आखून चालत नाही.

पोहोचले त्याच रात्री मोर्चे खणले गेले आणि १३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. दक्षिणेकडून वेलस्लीनेही मारा केला, पण जड तोफा तिकडून पुरेशा वर नेता आल्या नाहीत आणि भिंतीवर फारसा परिणाम झाला नाही. जवळची वाट का टाळली, याचे उत्तर त्यातच मिळाले. उत्तरेच्या बाहेरच्या तटाला दोन दिवसांत भगदाड पडले. १५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. आतल्या कोटाची भिंत मात्र शाबूत होती. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल याच्या तुकडीने शिड्या लावून भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. अवजड तोफांनी बाहेरचा तट फोडला, तर शेवटचे काम साध्या शिडीने केले. किल्लेदार बेनीसिंग अखेरपर्यंत लढत धारातीर्थी पडले. गडावरील शिबंदीची मोठी हानी झाली.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांना कटकचा प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला, गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडे परत आले. ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला तह झाला. युद्धाच्या या टप्प्याचा शेवट अमरावती जिल्ह्यातच झाला.

या तयारीची किंमत कोणी मोजली?

विजयाच्या यादीत वेलस्ली, स्टीव्हन्सन, कॅम्पबेल यांची नावे आहेत. दोर ओढणारे मद्रासकडचे शिपाई, रस्ता खणणारे बेलदार, पखालीतून पाणी आणणारे भिस्ती, बैल हाकणारे गाडीवान यांची नावे कुठेच नाहीत. प्रत्यक्षात ती मोहीम त्यांच्या पाठीवर उभी होती. त्या वर्षी अहमदनगर, खानदेश भागात दुष्काळ पडला. ज्या मुलखातून एकामागून एक फौजा गेल्या, तिथले धान्य, चारा आणि गुरे आधीच संपत आली होती.

वेलस्ली लुटीविरुद्ध कडक होता. अहमदनगरात लूट करणाऱ्या दोन शिपायांना त्याने वेशीतच फाशी दिली. माल विकत घ्यावा, पैसे चोख द्यावेत, वंजाऱ्यांशी व्यापारी म्हणून वागावे, हे त्याचे धोरण होते. त्यामागे दया कमी आणि हिशेब जास्त होता. लुटलेले गाव दुसऱ्यांदा धान्य देत नाही, हे त्याला ठाऊक होते. १८०४ मध्ये अहमदनगरच्या दुष्काळात लोकांना कामे देऊन अन्न पुरवण्याची योजनाही त्याने आखली. तरीही ज्यांची शेते तुडवली गेली आणि गडावर ज्यांचे नातलग मेले, त्यांच्यासाठी ही चोख मोहीम म्हणजे पारतंत्र्याची सुरुवात होती. उत्तम तयारी कोणाच्याही हातात सारखीच काम करते. ती कशासाठी वापरली, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

वऱ्हाडचे अनुभव युरोपात कामी आले का?

मार्च १८०५ मध्ये वेलस्लीने भारत सोडला. १८०८ पासून पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये त्याने नेपोलियनच्या सेनापतींशी सहा वर्षे झुंज दिली. तिथे बैलांच्या जागी खेचरे आली, पण विचार तोच राहिला.

१८१३ च्या मोहिमेआधी त्याने केलेला बदल प्रसिद्ध आहे. तोवर शिपायांच्या स्वयंपाकासाठी लोखंडी हंडे असत आणि ते खेचरांवर लादावे लागत. वेलस्लीने त्याऐवजी पत्र्याची हलकी भांडी दिली. ती शिपायांना स्वतःच नेता येत. मग जी खेचरे मोकळी झाली, त्यांच्यावर तंबू लादले. दर कंपनीला तीन तंबू मिळाले आणि उघड्यावर भिजत झोपणारे सैन्य आडोशाला आले. त्याच मोहिमेत जाड ओव्हरकोट मागे ठेवून फक्त घोंगडी सोबत घेतली गेली, कारण दोन्हींचे ओझे एकाच पाठीवर नको होते. आजारपण घटले आणि सैन्याची चाल वाढली. एक जड वस्तू कमी केली की दुसऱ्या गरजेच्या वस्तूला जागा होते, हे त्याने हंडा आणि तंबूच्या अदलाबदलीतून दाखवले.

१८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव झाला. पुढे १८२८ ते १८३० या काळात वेलिंग्टन ब्रिटनचा पंतप्रधान होता.

आजच्या गटांनी यातून काय घ्यावे?

चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांखाली जातो. परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा आहे. वाघ, बिबट्या आणि अस्वलांचा वावर आहे. त्यामुळे जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनविभागाची परवानगी आणि ठरवून दिलेली जागा, ही यादीतली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट वाट. गटातील किमान एकाने ती आधी पाहिलेली असावी किंवा स्थानिक कोरकू वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवून चोख द्यावी. नेटवर्क जाईल हे गृहीत धरून कोठे जातोय, कधी परतणार, हे घरी लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट ओझे. भरलेली सॅक प्रत्येकाने घरीच वजनकाट्यावर ठेवून पाहावी. ती स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत असलेली बरी. दिवसभराच्या चालीसाठी माणशी तीन ते चार लिटर पाणी लागते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे वाटेत पाणी कुठे भरता येईल, हे आधी कळले तर ओझे निम्मे होते. तंबू, गॅस, भांडी, दोर, प्रथमोपचाराची पेटी हे सामाईक सामान वाटून घ्यावे. प्रत्येकाने पातेले आणि कोणीच काडेपेटी नाही, असे होऊ नये. औषधे, काडेपेटी आणि सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत. मेणकापडाचे काम आता तीच पिशवी करते.

चौथी गोष्ट बूट. नवे कोरे बूट घालून थेट डोंगरात जाऊ नये. आठ-पंधरा दिवस आधी ते रोज घालून फिरावे. पाचवी गोष्ट गटातील सर्वात सावकाश चालणारी व्यक्ती. दिवसाची मजल तिच्या चालीवर ठरवावी. अचलपुरात इस्पितळ उभे राहिले, त्यामागे हाच विचार होता. जो चालू शकत नाही, त्याची व्यवस्था बेतातच असावी लागते.

वेलिंग्टनच्या मागे काय उरले?

बुटाबाबत तर वेलिंग्टनचे नाव भाषेतच राहिले. त्याने चांभाराकडून आपल्या सोयीने बनवून घेतलेले उंच कातडी बूट इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाले. पुढे तेच रबराचे झाले. आपण त्यांना गमबूट म्हणतो, इंग्लंडमध्ये आजही त्यांना वेलिंग्टनच म्हणतात. वऱ्हाडात पावसाळ्यात चिखलाच्या शेतात जाताना अनेक शेतकरी हेच बूट पायात चढवतात.

म्हातारपणी वेलिंग्टनकडे वाडे होते, मानमरातब होते. तरीही वॉल्मर किल्ल्यातल्या त्याच्या खोलीत झोपायला मोहिमेवर नेतात तसा एक अरुंद लोखंडी पलंगच होता. गरजेपुरते सामान ठेवण्याची सवय त्याने घरातही सोडली नाही. १४ सप्टेंबर १८५२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्याच खोलीत खुर्चीवर बसलेला असताना त्याचा मृत्यू झाला.

गाविलगडाचा पडका तट, आतली तळी आणि बेनीसिंगांची आठवण अजून आहे. तिथे मुक्कामाला निघणाऱ्या गटाने सॅक बांधण्याआधी ती एकदा वजनकाट्यावर ठेवावी. आकडा पाहिल्यावर घरी काय ठेवायचे, ते लगेच कळेल.